पाठराखीण म्हणून आलेली मांजरी

गिरगावात आमच्या वाडीतली पोरं मला ‘वाघाची मावशी’ म्हणायची. तोंडावर नाही, मी वळले की मागून. मागं बघितलं की सगळी साळसूद. मला राग यायचा, पण खोटं काय होतं त्यात? वाडीच्या टोकाला एका पारशाचा तबेला होता, घोडे विकून झाल्यावर रिकामा पडलेला. तो आम्ही राहायला घेतला होता आणि त्याच्या अर्ध्या भागात मी लोकांची मांजरं सांभाळायची. लोक गावाला जायचे आणि आपली मांजरं माझ्या गळ्यात घालून जायचे. शहरात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा माणसं मुंबई सोडायची ती हौसेनं, आणि परत यायचं हे धरूनच.

सुरुवात त्या पारशाच्या बायकोनंच केली. ती माथेरानला निघाली आणि जाताना तीन मांजरं माझ्या दारात आणून ठेवली, ‘बाई, तमे जरा जोजो’, जरा लक्ष ठेवा म्हणून. जरा म्हणजे दीड महिना. पुढच्या साली तिची बहीण आली, मग बहिणीची विहीण. मग खेतवाडीतून, ठाकुरद्वारातून, पार माझगावातून लोक टोपल्या घेऊन यायला लागले. वैशाखात कोकणातली माणसं गावी जायची. पावसाळ्यात सरकार पुण्याला हललं की कचेऱ्यांतले कारकून बायकामुलांसकट त्याच्या मागं. सरकारला हवा बदलायची असायची, आणि त्यापायी माझ्या घरात वीस-वीस मांजरं. आमचे यजमान माझगावच्या गोदीत फिटर होते. संध्याकाळी दारात उभे राहून विचारायचे, ‘मी घरी आलोय का पांजरपोळात?’ मी म्हणायची, ‘हातपाय धुवा, मग सांगते.’ पण निजताना एखादा बोका त्यांच्याच पायाशी येऊन पडायचा आणि हे गृहस्थ त्याची झोप मोडेल म्हणून कूस बदलायचे नाहीत.

काम बसून करायचं नव्हतं. जिथं घोडे बांधायचे तिथंच बुरुडाकडून बांबूच्या तट्ट्या करवून मी कप्पे पाडले होते. प्रत्येक कप्प्यात घासलेटच्या डब्यांचं एक रिकामं खोकं, त्यात जुन्या लुगड्याचा तुकडा. घाणीसाठी चौपाटीची वाळू. ती रोज सकाळी बदलायची, नाहीतर शेजारीपाजारी नाक धरून दारात हजर. दुपारी बाजार उठला की चौपाटीवरची कोळीण टोपलीतली चिरडलेली मांदेली आणि उरलेले बोंबील माझ्याकडं ओतून जायची. तिची चाहूल मांजरांना वाडीच्या तोंडापासून लागायची. काही मंडळी मला बजावून जायची की, आमचं मांजर फक्त दूधभात खातं हो, मासळीचा वाससुद्धा त्याला सोसत नाही. मी ‘बरं’ म्हणायची. असलं सोवळं मांजर दुसऱ्याच दिवशी बोंबलाचा काटाही शिल्लक ठेवायचं नाही. मालक परत आले की म्हणायचे, ‘तुमच्याकडचं दूध चांगलं दिसतं, अंग धरलंय आमच्या मनीनं.’ मी त्यालाही ‘बरं’ म्हणायची.

डोक्याला खरा ताप होता तो नावांचा. आपल्या लोकांना मांजराला दुसरं नाव सुचतच नाही. मांजर आणलं की मनी. पारशांच्या मांजरांना निदान नावं तरी निरनिराळी. आमच्या लोकांच्या मात्र एका वेळी आठ-आठ मन्या माझ्याकडं. ‘मनी’ म्हणून हाक मारली की सगळ्या कप्प्यांतून माना वर, आणि जिला मारली ती तेवढी ढिम्म. एकदा ठाकुरद्वारचे एक कारकून घाईघाईनं आले, एका कप्प्याकडं बोट केलं, ‘हीच आमची मनी’ म्हणाले आणि घेऊन गेले. आठवड्यानं त्यांची बायको टोपली घेऊन परत. म्हणाली, ‘मावशी, आमची मनी बाई होती. हा पुरुष आहे.’ त्या कारकुनाला स्वतःच्या घरातलं मांजर ओळखू आलं नाही, त्यात माझी काय चूक? पण बोलणी मीच खाल्ली. त्याच दिवशी रंगीत दोरे आणले आणि प्रत्येकीच्या गळ्यात एकेक बांधला.

एकाच मांजरीला दोरा लागला नाही. तिचं नाव पाठराखीण.

नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्या सोबतीला माहेरची एखादी बाई जाते, चार दिवस राहते आणि माघारी येते. ती पाठराखीण. आमच्या वाडीच्या तोंडाशी माडीवर एक बिऱ्हाड होतं, त्यांची सून हर्णैकडची. वडील लहानपणीच गेलेले, घरात आई आणि ती, सोबत पाठवायला माणूस नाही. तर या पोरीनं काय करावं? लग्न लागल्यावर एक पांढरं-पिवळं पिल्लू पदराखाली घेतलं आणि वऱ्हाडाबरोबर बोटीत जाऊन बसली. कुणी विचारलं तर म्हणाली, ‘ही माझी पाठराखीण.’ वऱ्हाड पोट धरधरून हसलं आणि तेच नाव पडलं. पाठराखीण चार दिवसांनी माघारी जाते, ही कुठली जायला! त्यावरून सासूबाई सुनेला टोचून बोलायच्या, ‘तुमची पाठराखीण काही जायचं नाव काढीना.’

या सासूबाईंचं आणि माझं कधीच पटलं नाही. विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून आमची दोनदा जुंपली होती, आणि दोन्ही वेळा वाडीनं खिडक्या उघडून ऐकलं होतं. त्यांची जीभ म्हणजे अडकित्ता. माझीही काही लोण्याची नव्हती. पण त्या वैशाखात त्यांना नाशिकला कुणाच्या तरी मुंजीला जायचं होतं, घर बंद राहणार होतं, तेव्हा नाइलाजानं पाठराखीण माझ्याकडं आली. सून स्वतः घेऊन आली होती. जाताना मांजरीच्या कानात काहीतरी सांगून गेली.

मंडळी नाशिकहून परत आली. मला वाटलं, आता सून धावत येईल. आल्या त्या सासूबाई, एकट्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मांजर अजून ठेवून घ्या. सुनेला दिवस गेलेत.’

मी म्हटलं, ‘मग मांजरानं काय घोडं मारलंय तुमचं?’

‘पोटुशीच्या अंथरुणात मांजर नको म्हणतात आमच्यात.’ मग म्हणाल्या, ‘आणि तिची आई गेली.’

मी हातातली चाळण खाली ठेवली. त्याच बोलत राहिल्या. चैत्रातच गेली होती. गावचा माणूस बोटीनं आला होता, तो त्यांच्या मुलाला कचेरीत भेटला. सुनेला सांगितलं नव्हतं. ‘दोनदा पोट पडलंय तिचं,’ त्या म्हणाल्या. ‘वैद्य म्हणतात, या खेपेला जिवाला धक्का बसला तर मूल राहायचं नाही, आणि तिचंही काही सांगता येत नाही. बाळंत होईस्तोवर तिला कळता कामा नये. ती तर दिवस मोजत बसलीय. नारळी पौर्णिमा झाली, पावसात थांबलेल्या बोटी सुटल्या की पहिल्या बाळंतपणाला आईकडं जाणार, मांजरीलाही नेणार. तुमच्याकडं मांजर बघायला येईल, बोलेल, विचारील. तुम्ही गप्प बसायचं.’

‘मला खोटं बोलता येत नाही,’ मी म्हटलं. ‘माझ्या तोंडावर लगेच दिसतं. मला कशाला सांगितलंत?’

‘तुमचं तोंड सैल आहे म्हणून. गावचा माणूस आणखी कुणाला भेटला असेल, बातमी वाडीत फुटली तर पहिली तुमच्या कानावर येणार. माहीत नसताना बोलून बसाल, त्यापेक्षा माहीत असून गप्प बसा.’

मला असा संताप आला. आणि बाई बरोबर बोलत होती, याचा जास्त आला.

दुसऱ्या दिवसापासून सून यायला लागली. दुपारची उष्टीखरकटी आवरून, सासूबाईंना सांगून. पाठराखिणीच्या कप्प्यासमोर एक पालथी बादली होती, तिच्यावर बसायची, मांजरीला मांडीवर घ्यायची आणि तिच्या पाठीत तोंड खुपसून राहायची. सतराएक वर्षांची पोर. मला वाटायचं, काय बाई जीव तरी या मांजरीवर. मी आपली वाळू चाळत बसायची. तिच्याकडं बघायची सोयच नव्हती. ती काही बोलली की मी मांजरांवर खेकसायची. बिचाऱ्या मांजरांनी त्या तीन महिन्यांत माझ्या जितक्या शिव्या खाल्ल्या तितक्या आधी कधी खाल्ल्या नसतील.

तिसऱ्या महिन्यात पोटुशीची चोरओटी भरतात, गाजावाजा न करता, घरच्या घरी, आणि त्या ओटीला माहेरची हिरवी चोळी यावी लागते. तशी ती आली. पोर चोळी अंगात घालून मला दाखवायला आली. ‘सासूबाई म्हणाल्या, आईनं पाठवली,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘छान आहे हो.’ आणि लगेच एका बोक्याला लाथ मारल्याचं नाटक करून आत निघून गेले. आत जाऊन सासूबाईंच्या नावानं बोटं मोडली. मेलेल्या बाईच्या नावानं चोळी देतात, हात कसा धजतो यांचा? हे सगळं मनात. बाहेर आले तर पोर चोळीच्या शिवणीवरून बोट फिरवत बसली होती.

आषाढात ती एकदा म्हणाली, ‘मावशी, बोटीवर मांजर नेऊ देतात का हो?’

मी म्हटलं, ‘आणताना कोणाला विचारलं होतंस?’

ती हसली. ‘तेव्हा ती एवढीशी होती.’ मग म्हणाली, ‘नेऊ देत नसतील तर राहू दे. तिथं जाऊन ती तरी काय करील?’ मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला सुटल्यासारखं झालं, आणि मी विषय बदलला.

ती सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला. पण आम्हाला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. आम्हाला पोटातलं पोर आणि पोरीचा जीव, दोन्ही एका शब्दावर लटकलेले दिसत होते. सासूबाई विहिरीवर मला भेटायच्या आणि नुसत्या बघायच्या. मी मान हलवायची, म्हणजे अजून बोलले नाही. भांडायचंही आम्ही विसरलो होतो. वाडीतल्या बायकांना वाटलं, आमच्यात दिलजमाई झाली.

नारळी पौर्णिमा झाली. दुसऱ्याच दिवशी कोळीण कितीतरी दिवसांनी भरल्या टोपलीनं आली आणि मांजरांनी तबेला डोक्यावर घेतला. त्या गडबडीत सून आली. रोजच्यासारखी कप्प्याकडं गेली नाही. कोळीण जाईपर्यंत दाराशी उभी राहिली. मग म्हणाली, ‘मावशी, दार लावून घ्या.’

मी दार लावलं. म्हटलं, आता ही विचारणार, मला बोटीत कधी बसवून देताय.

ती म्हणाली, ‘आता बोटी सुटल्या. आता सासूबाईंना काहीतरी नवं कारण शोधावं लागेल. त्यांच्यानं आता होत नाही हो. निजतच नाहीत त्या. मी निजलेय का ते उठून उठून बघतात.’

‘कसलं कारण?’ मी वेड पांघरलं.

‘आई गेलीय ना,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘कुणी सांगितलं तुला?’

‘कुणी नाही. माझी आई डावखुरी. तिचा टाका उलटा कलतो. आलेली चोळी सासूबाईंच्या हातची होती. देताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.’ तिचा आवाज अगदी सरळ होता. ‘त्याआधी एकदा मी अख्खं दूध उतू घालवलं. त्या काही बोलल्या नाहीत. उलट मला म्हणाल्या, भाजलं नाही ना? तेव्हाच मला खटकलं होतं. मग चोळी आली आणि कळलं.’

‘आणि इतके दिवस बोलली नाहीस?’

‘बोलून काय करू? त्यांना वाटतं, मला कळलं तर पोटातलं जाईल. कळून काही झालं असतं तर त्यांनी जन्मभर स्वतःला लावून घेतलं असतं. आमच्याशिवाय त्यांना दुसरं कोण आहे? म्हणून घरात रडले नाही. रडायला इथं यायची. मांजरीची पाठ ओली व्हायची, तुम्ही बघितली नाहीत का?’

बघितली होती हो. मला वाटायचं, मांजरं अंग चाटतात तशी ती ओली. वीस मांजरांतलं कुठलं शिंकलं ते मला न बघता कळायचं, आणि समोर बसून एक पोर तीन महिने रडत होती ते कळलं नाही. माझा मलाच असा राग आला की मी तिच्यावरच ओरडले, ‘मग आज कशाला सांगतेस?’

‘माझं नाहाणं राहिलंय,’ ती म्हणाली.

जवळचं माणूस गेल्याचं कानावर आलं की नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. आणि लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं सुतक तीन दिवसांचं, कळेल तेव्हापासून. तीन दिवस वेगळं बसायचं, चुलीला हात लावायचा नाही, देवाला शिवायचं नाही. ती म्हणाली, ‘सुतक काही मला पाळता येणार नाही. वेगळी बसले की त्यांना कळेल. पण निदान पाणी तरी. नाहीतर आईला वाटेल, लेकीनं माझ्या नावानं आंघोळसुद्धा केली नाही. तुम्ही घालाल माझ्या डोक्यावर?’

‘आणि ओलं लुगडं बघून सासूबाईंनी विचारलं तर?’

‘मांजरीनं अंगावर घाण केली म्हणून सांगीन. मांजरांच्या घरात जाते, त्यांना खरं वाटेल.’

सगळं ठरवून आली होती. मी चूल पेटवली आणि हंडा चढवला. ती म्हणाली, गार पाणी हवं. मी म्हटलं, ‘तुझं शास्त्र तुझ्यापाशी. पोटुशीच्या डोक्यावर मी गार पाणी घालायची नाही, तुझ्या आईनंही घातलं नसतं.’ तबेल्याच्या मागं घोडे धुवायची फरशी होती, तिच्यावर तिला बसवलं आणि तांब्यानं पाणी घातलं. पाण्याचा आवाज होताच सगळी मांजरं खोक्यांत दडून बसली. पहिल्या तांब्याला ती गप्प होती. दुसऱ्याला ‘आई गं’ म्हणाली आणि मग मोठ्यानं रडली, तोंड न दाबता, हवं तितकं. मी पण रडले. रडता रडता तिच्या पोटाकडं बघत होते आणि देवाला म्हणत होते, बाबा, तेवढं राख. तिची आई कशी होती, मी कधी बघितलं नव्हतं, तरी त्या बाईसाठी माझा जीव तुटला.

मी तिला माझं कोरडं लुगडं नेसवलं, केस पुसले, ओलं लुगडं पिळून हातात दिलं आणि घरी पाठवली.

दिवेलागणीला सासूबाई आल्या. मी एका आजारी बोक्याला मांडीवर घेऊन तूप चाटवत होते. दारातूनच म्हणाल्या, ‘मांजरीनं घाण केली म्हणे सुनेच्या अंगावर.’

‘केली,’ मी म्हटलं.

‘केस ओले आहेत तिचे. डोक्यावर केली?’

हे आमच्या दोघींच्या ध्यानात आलंच नव्हतं. माझ्या तोंडावर काय दिसत होतं ते मला ठाऊक आहे. तरी मी म्हटलं, ‘मांजरी डोक्यावर चढली होती.’

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग आत आल्या आणि त्या पालथ्या बादलीवर बसल्या. माझ्या घरात त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या. पदराचं टोक तोंडाशी धरलं. मी बोक्याला तूप लावत राहिले, त्यानं कधीच चाटायचं सोडलं होतं.

शेवटी त्या म्हणाल्या, ‘तिला धाप लागलेली नाही. जेवलीय पोटभर. पोटात पोर हलतंय म्हणाली.’

‘बरं झालं,’ मी म्हटलं.

‘तिला सांगितलंय, चुलीपाशी येऊ नकोस, देवाला शिवू नकोस. माजघरात वेगळं अंथरूण घातलंय. ताट मी नेऊन देते.’ त्या उठल्या, लुगड्याच्या निऱ्या झटकल्या. ‘मांजराचा विटाळ आमच्यात तीन दिवस पाळतात.’

मांजराचा विटाळ. सोवळ्यातसुद्धा मांजर चालतं, मांजराला विटाळ नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या बाईला तर माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

मी म्हटलं, ‘हो, आमच्यातही तीनच दिवस.’